बडोद्यातल्या शोरूमचं फायनान्स टेबल : गाडी छान, लोन महाग, आणि रिफायनान्सनेही काही सुटलं नाही

शोरूमचं नाव मी लिहीत नाहीये आणि ज्या कंपनीचं लोन आहे तिचंही नाही, कारण मला कोणाशी भांडायचं नाहीये, मला फक्त त्या काचेच्या केबिनमधल्या टेबलावर काय होतं ते सांगायचंय. ओळखीतल्या चार घरांत विचारलं तर तीन घरांत थोड्याफार फरकाने हीच गोष्ट निघाली. गाडीला आणि गाडी विकणाऱ्या मुलाला पाचपैकी साडेचार, फायनान्सच्या टेबलाला पाचपैकी दीड. तो दीडसुद्धा एवढ्यासाठी की काम एका दिवसात झालं.

आम्ही गाडी घेतली मागच्या पाडव्याला, ३० मार्च २०२५. दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून वासणा रोडला आलो तेव्हापासून आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, एकच म्हणणं होतं की गुडघे चालतायत तोवर एकदा नीट गरुडेश्वरला न्या. टेंबे स्वामींची समाधी आहे तिथे, त्यांच्या माहेरी दत्तसंप्रदाय, लहानपणी वडिलांबरोबर एसटीने जायच्या. आता एसटी चढवत नाही आणि दर वेळी भाड्याची गाडी करायला त्यांना संकोच वाटतो. तर गाडीची हौस आमची कमी आणि आईंची सोय जास्त. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल हॅचबॅक, एक्स-शोरूम ७ लाख ६० हजार, सगळं धरून ऑन-रोड ८ लाख ७० हजार. सेल्सवाला मुलगा खरंच चांगला होता, टेस्ट ड्राइव्हची गाडी घराखाली घेऊन आला, आईंना पुढच्या सीटवर बसवून उतरवून बघितलं, सीटची उंची त्यांच्या गुडघ्याला जमते का ते त्याने स्वतः विचारलं, जे आम्हाला सुचलं नव्हतं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही आणि कधी नसेल.

मग त्याने आम्हाला आतल्या केबिनमध्ये फायनान्सवाल्याकडे नेलं.

तिथला पहिला प्रश्न होता, "बेन, महिने केटलो हप्तो फावशे?" महिन्याला किती हप्ता जमेल. गाडी केवढ्याची, लोन किती, दर काय, वर्षं किती, यातलं काहीच नाही, आधी हप्ता. आणि ह्यांनी अगदी सरळपणे सांगून टाकलं की पंधरा हजारांपर्यंत जमेल. मला आज वाटतं की सगळं तिथेच ठरलं. पंधरा हा आकडा समोर आल्यावर त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि १४,७२९ असा हप्ता दाखवला, ७ लाखांचं लोन, ६० महिने. पंधराच्या आत बसलं म्हणून आम्ही दोघंही खूश. आधी त्याने ८४ महिन्यांचंही दाखवलं होतं, हप्ता कमी होता, पण सात वर्षं ऐकूनच मला धडधडलं म्हणून पाचवर आलो.

दर विचारला तेव्हा म्हणाला ५.२५ टक्के. आता माझे धाकटे दीर, त्यांनी त्याच महिन्यात एका सरकारी बँकेतून गाडीचं लोन घेतलं, तेही ७ लाख आणि ५ वर्षंच, त्यांना ८.९० टक्के पडलं होतं आणि बारा दिवस लागले होते, सॅलरी स्लिप द्या, घरपट्टीची पावती द्या, दोनदा शाखेत या. आम्हाला वाटलं आपल्याला किती स्वस्तात मिळतंय. मग घरी येऊन भाऊजींना फोन केला, त्यांचा हप्ता विचारला तर म्हणाले १४,४९७. म्हणजे ५.२५ टक्क्याचा हप्ता ८.९० टक्क्याच्या हप्त्यापेक्षा २३२ रुपयांनी जास्त! हे कसं काय, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. आम्ही मात्र असं म्हटलं की २३२ रुपयांचाच तर फरक आहे, पाडवा हातचा जाईल, बँकेत कोण बारा दिवस घालवणार. शोरूमलाही घाई होती, ३१ मार्चचं टार्गेट होतं, तो मुलगा स्वतःच म्हणाला की पाडवा आणि मार्च एंडिंग एकत्र आलंय.

तर ते ५.२५ हे फ्लॅट. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ७ लाखांवर व्याज धरायचं, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय हे हिशोबातच घ्यायचं नाही. ७ लाखांचे ५.२५ टक्के म्हणजे वर्षाला ३६,७५०, पाच वर्षांचे १,८३,७५०, ते मुद्दलात मिळवा आणि ६० ने भागा, येतात बरोबर १४,७२९. बँक जो दर सांगते तो रिड्युसिंग, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर. त्या भाषेत आमचा दर जवळजवळ ९.६ टक्के होता. कोणी फ्लॅट दर सांगितला तर पाच वर्षांच्या लोनला साधारण दुपटीच्या जरा खालचा आकडा डोक्यात धरायचा, तो खरा. दोन वेगवेगळी मापं आहेत ही, एक किलो आणि एक रत्तल, त्यांची तुलनाच होत नाही, आणि समोरचा माणूस ते सांगत नाही.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी फोन आला की अजून २३,५६० भरायचे आहेत. आम्ही तर डाउन पेमेंट १ लाख ७० हजार भरून मोकळे झालो होतो. कळलं की लोन ७ लाखांचं मंजूर आहे पण शोरूमला पोचले ६,७६,४४० च, मधले कापले गेले, प्रोसेसिंग फी ७ हजार त्यावर १८ टक्के जीएसटी असे ८,२६०, डॉक्युमेंटचे १,५००, आणि १३,८०० चं लोन सुरक्षा इन्शुरन्स. हे शेवटचं आम्ही कधी मागितलं? त्याचं म्हणणं की सगळ्यांचं असतंच बेन, मँडेटरी आहे. घरात गुढीची तयारी, आईंनी नवीन साडी काढून ठेवलेली, ह्यांनी यूपीआय केलं आणि विषय संपवला. हे इन्शुरन्स मँडेटरी नसतं. लोन देणाऱ्याला तुमच्या आयुष्याचा विमा तुमच्या गळ्यात मारता येत नाही, घ्यायचा असेल तर तुमची वेगळी संमती लागते. ती संमती आमच्याकडून कशी घेतली ते मला नंतर कळलं, ३४ पानांची पीडीएफ मोबाइलवर आली होती, रात्री साडेनऊला, खाली एक ओटीपी, आणि तो ओटीपी म्हणजे सगळ्या पानांना सही.

त्याच पीडीएफमध्ये एक पान होतं ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलेय. त्याचं नाव की फॅक्ट्स स्टेटमेंट, केएफएस. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या नवीन रिटेल लोनना हे सक्तीचं केलंय, बँक असो की फायनान्स कंपनी. लोन किती, हप्ता किती, कापून काय काय जाणार, लवकर फेडलं तर दंड किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एपीआर, म्हणजे फी आणि तो इन्शुरन्स वगैरे सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते. आमच्या पानावर एपीआर लिहिला होता ११.०६ टक्के. टेबलावर ५.२५, कागदावर ११.०६. खोटं कुठेच लिहिलेलं नाही, सगळं पान नंबर सहावर व्यवस्थित आहे, फक्त ते पान आम्ही मार्चमध्ये वाचलं नाही, जानेवारीत वाचलं.

आणि हे लक्षात ठेवा की केएफएस हा सही करताना दाखवायचा कागद नाही, सही करायच्या आधी द्यायचा कागद आहे, नियमाप्रमाणे त्यातल्या अटी निदान तीन कामाचे दिवस तशाच राहिल्या पाहिजेत म्हणजे तुम्हाला घरी जाऊन विचार करता येईल, दुसरीकडे विचारता येईल. तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो. बडोद्यात गुजरातीत मागता येतो, आमच्या पिढीला गुजराती मराठीइतकीच वाचता येते. आणि त्या पानावर जो चार्ज लिहिलेला नाही तो नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. इतका चांगला कागद रिझर्व्ह बँकेने हातात दिलाय आणि तो रात्री साडेनऊला ओटीपीच्या मागे लपून येतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाडीच्या इन्शुरन्सचंही थोडं सांगते. टेबलावर सांगितलं की लोन आहे म्हणून इन्शुरन्स इथूनच घ्यावं लागेल, ३८,६००. असं काही नसतं. पॉलिसी कुठल्याही कंपनीची चालते, त्यावर लोन देणाऱ्याचं नाव हायपोथेकेशन म्हणून, म्हणजे गाडी त्याच्याकडे तारण आहे असं, असलं की झालं. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी २०१८ पासून सक्तीचा आहे, तो मात्र कुठूनही घेतला तरी लागतोच. नंतर मी त्याच गाडीचा त्याच कव्हरचा कोट बाहेरून काढून बघितला तर २९,९०० होता. आमची फाइल त्यांनी एका वेळी चार ठिकाणी पाठवली होती हेही मला माझा सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा कागद, काढल्यावर कळलं, दोन दिवसांत चार एन्क्वायऱ्या. अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून, म्हणजे क्रेडिट ब्युरोंकडून, वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, काढून बघत जा.

गाडीबद्दल म्हणाल तर पाडव्याच्या पुढच्याच रविवारी डभोई, तिलकवाडा करत गरुडेश्वरला गेलो. आई घाटाच्या पायऱ्या उतरल्या नाहीत, वरूनच नर्मदेला नमस्कार केला, पण येताना पूर्ण रस्ता बोलत होत्या. ते सगळं झालं, त्यात काही कमी नाही.

त्रास सुरू झाला तो पेपर वाचून. ९ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६ वर आणला, जूनमध्ये ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५. आम्ही सही केली तेव्हा ६.२५ होता, म्हणजे बरोबर एक टक्का खाली. भाऊजींचं लोन रेपोला जोडलेलं फ्लोटिंग, तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावाच लागतो असा नियम आहे, त्यामुळे त्यांचे ८.९० चे ७.९० झाले, त्यांनी हप्ता तोच ठेवला आणि महिने कमी करून घेतले. आमचं फिक्स्ड. रेपो शून्य झाला तरी आमचा हप्ता १४,७२९. फिक्स्ड वाईट असतं असं मी म्हणत नाही, दर वाढले असते तर आम्ही सुरक्षित होतो आणि भाऊजी काळजीत असते, पण फिक्स्ड आहे की फ्लोटिंग हे आम्हाला कोणी विचारलंच नाही ना, आम्ही निवडलेलंच नाही.

मध्येच २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटी कमी झाला. आमच्या सारख्या छोट्या पेट्रोल गाडीवर आधी २८ अधिक १ सेस होता, तो १८ झाला. तीच गाडी, तोच रंग, शेजारच्या सोसायटीत नवरात्रात आली ती जवळजवळ पासष्ट हजारांनी स्वस्त. याला शोरूमचा काही दोष नाही, मार्चमध्ये कोणाला माहीत होतं, पण ही गोष्ट पुढे रिफायनान्सच्या, म्हणजे लोन दुसऱ्या बँकेत न्यायच्या, वेळी आडवी आली म्हणून सांगतेय.

जानेवारीत आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज फिरला की १ जानेवारी २०२६ पासून रिझर्व्ह बँकेने लोन लवकर बंद करायचा दंड काढून टाकला. मी म्हटलं आता संधी आहे, हे महाग लोन बंद करायचं आणि सरकारी बँकेत ८.२० ने न्यायचं. अर्धी रजा टाकून लोनवाल्या कंपनीच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन्ही खऱ्या आहेत हे मी नंतर नियम वाचून खात्री केली. एक, तो नियम फ्लोटिंग रेटच्या लोनसाठी आहे, वैयक्तिक कामासाठी घेतलेल्या, आमचं फिक्स्ड. दोन, तो १ जानेवारी २०२६ ला किंवा त्यानंतर मंजूर किंवा रिन्यू झालेल्या लोनला लागू आहे, आमचं मार्च २०२५ चं. म्हणजे आम्ही दोन्हीकडून बाहेर. बँकांच्या फ्लोटिंग लोनला तर असा दंड २०१४ पासूनच नाही, भाऊजी आज वाटलं तर आज फेडू शकतात. ती मुलगी नीट बोलली, फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे लोन आत्ता बंद करायचं तर किती भरायचं तो कागद, मात्र त्या दिवशी मिळालं नाही, दुसरी फेरी झाली तेव्हा मिळालं.

त्या स्टेटमेंटवर मुद्दल शिल्लक ६,१५,०५७. नऊ हप्ते भरून झाले होते, म्हणजे १,३२,५६१ रुपये गेले होते, आणि मुद्दल कमी झालं होतं ८४,९४३. बाकीचे ४७ हजार सहाशे व्याजात. यात चोरी नाही, सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्तच असतं, कुठल्याही लोनला. पण रिफायनान्सचा विचार करणाऱ्याने हे आधी बघावं, कारण जितका उशीर कराल तितकं वाचवायला व्याजच कमी उरतं.

आता दंड. केएफएसवर लिहिल्याप्रमाणे शिल्लक मुद्दलाच्या ५ टक्के, त्यावर जीएसटी, होतात ३६,२८८. आणि वाचणार किती? जेवणं झाल्यावर मी आणि हे वही घेऊन बसलो. आहे तेच लोन चालू ठेवलं तर उरलेले ५१ हप्ते, एकूण ७,५१,१७९, म्हणजे व्याज १,३६,१२२. तेच ६ लाख १५ हजार ८.२० ने ५१ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता १४,३२३, व्याज १ लाख १५ हजार ४७३. फरक साधारण २० हजार ६००. वीस हजार वाचवायला छत्तीस हजार दंड! वर नव्या बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी. ह्यांनी वही बंद केली आणि पाणी प्यायला उठून गेले. मी तोच हिशोब परत केला, आकडा तोच.

मला सगळ्यात जास्त हे लिहावंसं वाटतं. आपण समजतो की आत्ता घाईत घेऊन टाकू, सहा महिन्यांनी बँकेत शिफ्ट करू, टेबलावरचा माणूसही हेच म्हणतो, "पछी ट्रान्सफर करावी लेजो ने". घराच्या लोनमध्ये ते जमतं, वीस वर्षं असतात, अर्ध्या टक्क्याचेही लाखो होतात. गाडीच्या पाच वर्षांच्या लोनमध्ये दीड टक्क्याचा फरकसुद्धा दंडात बुडून जातो. जे काय वाचवायचं ते पहिल्या सहीच्या आधी, त्याच्यानंतर फार थोडं हातात राहतं.

बरं, दंड भरायचा असं ठरवलं असतं तरी गाडी अडली असती ती किमतीपाशी. सरकारी बँकेच्या व्हॅल्युअरने गाडीची किंमत धरली ५ लाख ९० हजार, कारण नव्या गाडीचाच भाव जीएसटीमुळे उतरलाय आणि आमची दहा महिन्यांची जुनी. त्याच्या ८५ टक्के देणार म्हणजे ५ लाख १ हजार ५००. आमची बाकी ६ लाख १५ हजार. मधले १ लाख १३ हजार घरातून घालायचे, वर दंड. लोन गाडीपेक्षा जड झालेलं. ऑन-रोड किमतीत टॅक्स, इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरी सगळं असतं, त्यातलं काहीच परत विकलं जात नाही, त्यामुळे डाउन पेमेंट जितकं कमी तितकं हे ओझं जास्त काळ राहतं हे मला त्या व्हॅल्युएशनच्या कागदाने शिकवलं.

याच सुमारास शोरूमच्या फायनान्स टेबलावरून आपणहून फोन आला. त्यांना बहुतेक कळलं असावं की आम्ही स्टेटमेंट काढलंय. "बेन, हप्तो ओछो करी आपुं, उपरथी पचास हजार हाथमां." हप्ता १४,७२९ चा ११,३७३, वर ५० हजार टॉप-अप, दंडही नवीन लोनमध्येच बसवून देतो, तुम्हाला खिशातून एक रुपया काढायचा नाही, दर ९.२५, आधीपेक्षा कमी. ऐकायला इतकं छान वाटलं की ह्यांनी फोन स्पीकरवर टाकून मला बोलावलं. मी एकच विचारलं, महिने किती? चौऱ्याऐंशी. ११,३७३ गुणिले ८४ म्हणजे ९,५५,३३२. आज आम्हाला भरायचे आहेत ७,५१,१७९. हातात पन्नास हजार येणार आणि २ लाख ४ हजार जास्त जाणार, आणि नऊ हप्ते आधीच भरलेले असताना सात वर्षं पुन्हा पहिल्यापासून, आई तोवर ब्याऐंशीच्या होतील. दर कमी आहे हे त्याचं खरं होतं, हप्ता कमी आहे हेही खरं होतं. परत तीच युक्ती, हप्त्याकडे बघायला लावायचं. ज्यांना खरंच महिन्याचं ओझं झेपत नाहीये, नोकरी गेलीय, आजारपण आहे, त्यांनी असं काही घेतलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही, हप्ता चुकण्यापेक्षा ते बरं. पण चांगल्या चाललेल्या घराने पन्नास हजारांसाठी हे करू नये असं मला अगदी कळकळीने वाटतं.

ज्यांचा हिशोब जमत असेल, म्हणजे दंड नाही किंवा अगदी कमी आहे आणि बरीच वर्षं बाकी आहेत, त्यांनी कागदांची तयारी ठेवा. जुन्या कंपनीची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि सही केलेला फॉर्म ३५, त्याने आरसीवरचं जुनं नाव निघतं, मग फॉर्म ३४ ने नव्या बँकेचं नाव चढतं, दरजीपुऱ्याच्या आरटीओचं काम, बरंचसं वाहन पोर्टलवरून होतं. इन्शुरन्स पॉलिसीवरही बँकेचं नाव बदलून घ्यावं लागतं, हे लोक विसरतात आणि क्लेमच्या वेळी आठवतं. जुना ई-नॅच, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, बंद झाला की नाही तेही बघा, नाहीतर एक हप्ता दोन्हीकडे कापला जायचा.

त्या १३,८०० च्या इन्शुरन्सचं काय झालं तर, पॉलिसीच्या सर्टिफिकेटवर ३० दिवसांचा फ्री लुक लिहिला होता, म्हणजे तीस दिवसांत परत केली असती तर बरेचसे पैसे मिळाले असते, आम्ही ते ईमेल उघडलं दहाव्या महिन्यात. तरी मी कंपनीला लेखी तक्रार केलीय की आमची वेगळी संमती घेतली नव्हती. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही, वकील नाही. आज बावीस दिवस झाले, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

मला एक गोष्ट मनाला लागून राहिली. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली लोकांसाठी बँक काढली, ज्या गावात आमच्या आजेसासऱ्यांनी महिन्याच्या पगारातून दोन रुपये बाजूला काढून पासबुक भरलं, त्या गावात आम्ही बँकेची पायरी न चढता काचेच्या केबिनमध्ये सात लाखांचं कर्ज पंधरा मिनिटांत घेतलं. बारा दिवस लागले असते तर लागू द्यायचे होते. पाडवा गेला असता तर अक्षय्य तृतीया होती.

मध्यंतरी माझी भाची मांजलपूरहून आली, तिला पहिली गाडी घ्यायचीय, नवीन नोकरी. मी तिला आधी सरकारी बँकेत नेलं, फ्लोटिंगचं ८.१० चं मंजुरीपत्र हातात घेतलं, नऊ दिवस लागले, आणि मग शोरूमला गेलो, हे शोरूम वेगळं. तिथल्या मुलाने सांगितलं की दहा हजारांचा अ‍ॅक्सेसरी पॅक फक्त इनहाउस फायनान्सवर आहे. भाची म्हणाली, ठीक आहे दादा, मग दोन्ही कोटेशन लेखी द्या, एक तुमच्या लोनचं केएफएससकट आणि एक बँकेच्या लोनचं. तो आत गेला, बराच वेळ गेला, मॅनेजर बाहेर आले, चहा आला. त्यांच्या लोनचा एपीआर निघाला १०.४०. ते टेबलावर ठेवल्यावर पॅकचा विषय त्यांनीच मागे घेतला आणि साडेसहा हजारांची मॅट-सीट कव्हर तशीच देतो म्हणाले. एक सांगते, शोरूमचं लोन नेहमीच महाग असतं असं नाही, कधी कधी गाडीची कंपनी स्वतः व्याज सोसून कमी दराची स्कीम काढते आणि बँकांनाही गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल शोरूमला कमिशन द्यायचं असतं ते दरात किती मुरवतात यावर बरंच असतं. म्हणून दोन्ही एपीआर शेजारी शेजारी ठेवून बघायचे, बस्स.

आमचं लोन आहे तसंच चालू ठेवतोय. केएफएसमध्ये एक बरी ओळ सापडली, बारा हप्ते झाल्यावर वर्षातून एकदा शिल्लक मुद्दलाच्या २५ टक्क्यांपर्यंत पार्ट पेमेंट करता येतं, त्यावर ३ टक्के आणि जीएसटी. एक लाख भरले तर ३,५४० चार्ज, तरी साडेनऊ टक्क्यांचं व्याज उरलेल्या चार वर्षांसाठी त्या लाखापुरतं थांबतं, एफडीवर मिळतं त्यापेक्षा ते जास्त आहे. हप्ता कमी करायचा नाही, महिने कमी करायचे, हे अर्जात लिहून द्यावं लागतं, नाहीतर ते आपोआप हप्ता कमी करतात असं काउंटरवरच्या त्या मुलीने सांगितलं. बारावा हप्ता ५ एप्रिलला जातोय. माझी भिशी मार्चमध्ये लागतेय, एक लाख. ६ एप्रिलला सोमवार आहे, त्या दिवसाची अर्धी रजा मी आत्ताच टाकून ठेवलीय.